अकारविल्हे

४ फेब्रुवारी

चाचणीला तेवीस महिने झाले. चाळीस माणसं, सगळी पासष्टीच्या पुढची. निम्म्यांना आमची गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी साधी. कुणाला कोणती, हे मलाही माहीत नाही. ते बंद पाकिटात आहे. माणसं दर महिन्याला येतात. सिस्टर त्यांना दहा शब्द ऐकवतात, वीस मिनिटं दुसऱ्या कामात गुंतवतात आणि मग तेच शब्द विचारतात. शब्दांच्या तीन याद्या आहेत. त्या आळीपाळीनं येतात.

आज सतरा नंबरला दहापैकी दहा.

सतरा नंबर म्हणजे आई. या वहीत लिहायला हरकत नाही, दुसरीकडे कुठंच लिहिलेलं नाही. नातेवाइकांना चाचणीत घ्यायचं नाही हा नियम मीच लिहिला, आणि मीच तिला माहेरच्या नावानं घातली. तेव्हा ती आठवड्यातून दोनदा चावी हरवायची. इस्पितळ सोडून मी हे सगळं उभं केलं ते मेंदूचं म्हातारपण लांबवायला. मग ते फक्त परक्यांच्या आयांचं लांबवायचं? सिस्टरना ठाऊक आहे. त्या काही बोलल्या नाहीत. तेव्हा मला ते बरं वाटलं होतं.

संध्याकाळी खाली जेवायला गेलो. मी वरच्या मजल्यावर, आई-बाबा खालच्या. आईनं दार उघडलं आणि म्हणाली, "या डॉक्टर, बसा. अहो, डॉक्टर आलेत." अगदी अहो-जाहो. बाबा मोठ्यांदा हसले. "मान वाढला बाबा तुझा," म्हणाले. मीही वाकून नमस्कार केला. आई आज रंगात होती.

भाजीत मीठ दोनदा पडलं होतं. बाबा म्हणाले, "माझाच हात लागला." बाबांकडे लक्ष द्यायला हवं.

११ फेब्रुवारी

आमच्या आकडेवारीच्या माणसाला सगळे दशांश म्हणतात. त्याला 'कसा आहेस' विचारलं तरी तो तीन घरांपर्यंत उत्तर देईल. आज त्यानं पडद्यावर दोन रेघा दाखवल्या. गटांची नावं झाकलेली. एक रेघ खाली उतरत जाते, दुसरी जवळजवळ सपाट.

मी खुर्चीतून उठलो. आठ वर्षं मी या सपाट रेघेची वाट पाहतोय.

तो म्हणाला, "एवढ्यात उठू नका. सतरा नंबर काढला तर दोन्ही रेघा मिळतात."

"काढायचा कशाला?"

"काढायचा म्हणत नाही मी. एक माणूस अख्खी रेघ तोलून धरतोय, एवढंच म्हणतोय. आणि दुसरं, हा माणूस शब्द ऐकतो एका क्रमानं, सांगतो दुसऱ्याच क्रमानं. गेले अठरा महिने दर वेळी अकारविल्हे. आरसा, कुलूप, घंटा, छत्री, ढग. कोश उघडल्यासारखं."

मी त्याला समजावलं. मेंदूनं स्वतःच आठवणी लावून ठेवायची नवी पद्धत शोधली असेल. तसं असेल तर ही नुसती घसरण थांबणं नव्हे, त्याहून मोठी गोष्ट आहे. तो म्हणाला, "असेल." त्याचं 'असेल' मला आवडलं नाही. त्याला ही चाचणी पडायला हवी आहे का?

आईनं आजही डॉक्टर म्हटलं. हा विनोद आता घरात रूढ झाला.

१९ फेब्रुवारी

देखरेख समितीची बैठक ३० मार्चला. त्यांनी होकार दिला तर सहाशे माणसांची मोठी चाचणी, आणि आताच्या चाळीस जणांच्या गोळ्या चालू. नकार दिला तर दोन्ही बंद. म्हणजे आईचीही. तिची गोळी खरी आहे याबद्दल आता माझ्या मनात शंका नाही. पाकीट न उघडता मी ते सांगू शकतो.

बाबांची मात्र काळजी वाटते. या महिन्याच्या नोंदी अशा: गॅस चालू राहिला, म्हणाले "मीच विसरलो." इस्त्रीनं पडदा जळाला, "मीच." विजेचं बिल फडताळात बुटांच्या खाली सापडलं, "मीच ठेवलं असणार." सकाळी जिना उतरताना ऐकू येतं, आईच्या मागं मागं ते काहीतरी पुटपुटत फिरत असतात. ती पुटपुटत उत्तर देते. बिचारी सांभाळून घेते.

आज जेवताना सहज विचारलं, "बाबा, आज वार कोणता?"

"तुझ्या डोक्यातला की भिंतीवरचा?"

"भिंतीवरचा."

"मग भिंतीला विचार."

आई खूप हसली. टाळाटाळ हेही लक्षण असतं, हे मी विद्यार्थ्यांना शिकवतो.

२ मार्च

दवाखान्यात बाहेरच्या खोलीतल्या बाकाखाली चिठ्ठी सापडली. अर्धी फाटलेली, खेळायच्या पत्त्याहून लहान. पेन्सिलीनं, छापल्यासारख्या अक्षरात पाच शब्द: नाणं, पंखा, बादली, शिडी, सुई. हे दुसऱ्या यादीतले शब्द आहेत. यादी सिस्टरच्या कपाटात असते. किल्ल्या दोन, एक त्यांच्याकडे, एक माझ्याकडे.

चिठ्ठीच्या कोपऱ्याला भोक आहे. सिस्टरच्या टेबलावर फायलींना भोकं पाडायचं यंत्र आहे.

चिठ्ठी पाकिटात घालून ठेवली. कुणाला बोललो नाही.

३ मार्च

यादी बाहेर कशाला जाईल? कुणाला तरी आमची चाचणी खोटी ठरवायची आहे. यादी फुटली असं सिद्ध झालं की सगळे आकडे कचऱ्यात. दशांशला शंका काढायची हौस आहे, पण त्याच्याकडे किल्ली नाही. सिस्टरकडे आहे. त्यांना आईचंही ठाऊक आहे. म्हणजे माझी मान दोन बाजूंनी त्यांच्या हातात.

त्या माझ्याबरोबर अकरा वर्षं आहेत. हे लिहिताना लाज वाटते. तरी लिहितो.

६ मार्च

आईची चोविसावी फेरी. दहापैकी नऊ. 'घंटा' राहिली. नेहमीप्रमाणे बाबा जोडीदार म्हणून आले. प्रत्येक माणसाबरोबर घरचं कुणीतरी यावं लागतं आणि तक्ता भरावा लागतो: वाट चुकतात का, नावं विसरतात का, गॅस चालू ठेवतात का. बाबांनी सगळीकडे 'कधीच नाही' लिहिलं. त्यांचं अक्षर बघून मी तक्ता पुढे तपासत नाही. पस्तीस वर्षं ते शब्दकोशाच्या कचेरीत मुद्रितं तपासायचे. आमच्या संमतिपत्रातही त्यांनी सही करण्याआधी अकरा चुका काढल्या होत्या.

मी मुद्दाम बाहेरच्या खोलीत थांबलो, कोण काय करतं बघायला. कुणीच काही केलं नाही. बाबा बाकावर डोळे मिटून बसले होते. पलीकडे सिस्टरचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. मधली भिंत लाकडी, छतापर्यंत न नेलेली. हवा खेळती राहावी म्हणून मीच तसं सांगितलं होतं. आई 'छत्री'नंतर अडली तेव्हा बाबांना खोकला आला. छातीचा फोटो काढून घ्यायला हवा.

९ मार्च

सिस्टरना काही औषधांची नावं कागदावर लिहायला सांगितली. अक्षर तिरपं, ओढलेलं. चिठ्ठीतलं सरळ. बदलून लिहिलं असणार. मी कागद घडी करून खिशात घातला ते त्यांनी पाहिलं.

"काय झालंय डॉक्टर? आठवडाभर माझ्या कपाटाभोवती फिरताय."

"काही नाही."

"संशयाला औषध नाही म्हणतात. तुमच्याकडे तर मेंदूचं औषध आहे, बघा एखादी घेऊन."

आजूबाजूचे दोघे-तिघे हसले. मी नाही हसलो. निर्धास्त माणूसच असं बोलतो, किंवा निर्ढावलेला.

१४ मार्च

चिठ्ठी समोर ठेवली. सिस्टरनी पाहिली, उलटून पाहिली, भोकाला नख लावलं.

"हे यंत्राचं नाही. यंत्राचं भोक मोठं पडतं. हे सुईनं पाडलंय."

"यादी तुमच्या कपाटात असते."

"आणि माझ्या तोंडात असते. दर महिन्याला चाळीस वेळा मोठ्यानं म्हणते मी ती, या अर्ध्या भिंतीच्या अलीकडे." मग थोडं थांबून म्हणाल्या, "डॉक्टर, चोर सोडून संन्याशाला फाशी देऊ नका. सतरा नंबरची परीक्षा एकदा तुम्ही स्वतः घ्या. आपलं माणूस आहे म्हणून मी दोन वर्षं गप्प बसले. तेवढी चूक माझी, पदरात घेते."

मी त्यांना बैठक होईपर्यंत रजेवर जायला सांगितलं. किल्ली टेबलावर ठेवून गेल्या. डबा विसरल्या, तो कुणाकडून तरी मागवून घेतला. स्वतः आल्या नाहीत.

आईवर ढकलायचा त्यांचा प्रयत्न मला कळला नाही असं त्यांना वाटतंय.

१७ मार्च

आज दुपारी लवकर घरी आलो. आई दारात उभी, पायात दोन वेगळ्या चपला. बाबा धावत बाहेर आले. धाप लागलेली. म्हणाले, "माझ्याच चपला मी तिच्यापुढं ठेवल्या. कुठं लक्ष असतं हल्ली!" आई शांत होती. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. शहरातले चारशे नंबर तिला पाठ असायचे. त्याच आवाजात म्हणाली, "कोण हवंय आपल्याला?" मी म्हटलं, "तुम्हीच." म्हणाली, "लाइन बिझी आहे." असा विनोद सुचायला मेंदू ताजा लागतो.

बाबांना तपासणीसाठी कधी न्यायचं ते ठरवायला हवं. ते येणार नाहीत.

२१ मार्च

सिस्टर गेल्यापासून त्यांचं वाक्य डोक्यातून जात नाही. स्वतः घ्या. घेतो. आईला पुन्हा दहा पडले तर दशांशचं तोंड बंद होईल आणि सिस्टरचं पितळ उघडं पडेल. नियमात बसत नाही, पण मी नियमात कधीचा नाही.

आज नवी यादी केली. दहा शब्द, कुठंच न वापरलेले. कपाटात ठेवली नाही, खिशात ठेवली.

२२ मार्च

सकाळी दहाला आई-बाबा आले. बाबांना बाहेर बसवलं. आई समोर. "तुमची सिस्टर कुठं आहे?" "रजेवर." "बरं बरं," म्हणाली आणि हात मांडीवर ठेवून शिकवल्यासारखी बसली.

मी यादी वाचली. तिसऱ्या शब्दाला भिंतीपलीकडे बाक करकरलं.

वीस मिनिटं तिला चौकोन जोडायला दिले. ती जोडत नव्हती, एकेक उचलून नीट रचून ठेवत होती. मग मी म्हटलं, "आता मघाचे शब्द सांगा."

ती भिंतीकडे बघत राहिली. पलीकडून खोकला आला. नेहमीचा, दोन वेळा. तिचा चेहरा एकदम मोकळा झाला.

"आरसा," ती म्हणाली. "कुलूप. घंटा. छत्री. ढग. नाणं. पंखा. बादली. शिडी. सुई."

एकही अडखळ नाही. एकही शब्द आजचा नाही.

"बरोबर ना?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "अगदी बरोबर."

दार उघडलं. बाबा उंबऱ्यात उभे. इतके चिडलेले मी त्यांना लहानपणानंतर पाहिले नव्हते.

"यादी बदलणार होतास तर सांगायचंस की!"

२३ मार्च

काल आईला घरी झोपवून बाबा वर आले. हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा. जिने चढून दमले होते. पाणी दिलं. प्याले नाहीत.

डब्यात चिठ्ठ्या. कोपऱ्याला भोक, भोकातून दोरा. कोशासाठी एकेक शब्द लिहिलेल्या तशा चिठ्ठ्या मी लहानपणी पाचशेच्या माळांत पाहिल्यात, त्यांवर बोट फिरवत अक्षरं शिकलोय. कोशाच्या कचेरीत सगळ्यांकडून एकच छापील वळण गिरवून घेत, छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याला वाचता यावं म्हणून. पाकिटातली अर्धी चिठ्ठी काढून त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी उरलेली अर्धी डब्यातून काढून शेजारी लावली.

"पडली होती होय," म्हणाले. "मी घरभर शोधली."

"कधीपासून?"

"सहाव्या महिन्यापासून. तिला चार पडले होते. पाचाच्या खाली तीनदा गेलं की नाव काढतात, गोळी बंद. तुझ्याच कागदात आहे, चौथं पान."

"तुम्ही याद्या ऐकल्यात."

"भिंत अर्धी आहे. कान पूर्ण आहेत. तिला क्रम लागत नव्हता, म्हणून मी माझा क्रम दिला. रोज सकाळी तास, संध्याकाळी तास. चारशे नंबर पाठ केलेलं डोकं आहे ते. घासलं की उजळायचं."

"बाबा, ती गोळी साधीही असू शकते. खडूची."

"तेही वाचलंय. तिसरं पान, खालून दुसरी ओळ. 'शक्यता'तला क पाय मोडका छापला होता, मी दुरुस्त केला." मग म्हणाले, "निम्मी शक्यता होती ना? एकेका चिठ्ठीच्या भरवशावर मी शब्द कोशात घातलेत."

"आणि मीठ? गॅस? चपला?"

त्यांनी माळेच्या दोऱ्याची गाठ घट्ट केली.

"मला वाटलं तुम्हालाच काही होतंय."

"वाटू दे म्हटलं. मला तपासायला लागलास की तिच्याकडे बघणार नाहीस."

हे ते अगदी साधेपणानं म्हणाले. मी मेंदूचा डॉक्टर आहे. तीस वर्षं.

मी विचारलं, खरा तक्ता भरून द्याल का, चोवीस महिन्यांचा? त्यांनी डब्याच्या तळातून दुसरी माळ काढली. पहिलीहून कितीतरी जाड.

"खोटं तुझ्या कागदावर लिहिलं. खरं कुठंतरी लिहून ठेवायलाच हवं होतं."

ते गेल्यावर माळ उलगडली. प्रत्येक चिठ्ठीवर डावीकडे शब्द, पुढं प्रसंग, तारीख.

इस्त्री — चालू. पडदा जळाला. १६ फेब्रु.

गॅस — न पेटवता सोडला. मी घरात होतो. १२ फेब्रु.

चावी — यंदा नऊ वेळा. नंतर चावी कशासाठी असते ते विचारलं.

मीठ — दोनदा. ४ फेब्रु.

मुलगा — तो वर गेल्यावर विचारलं, "हे डॉक्टर कुणाकडे आले होते?" ४ फेब्रु. ११ फेब्रु. १९ फेब्रु.

त्यापुढं तारखा लिहिलेल्या नाहीत. एक आडवी रेघ मारून 'नित्य' असं लिहिलंय.

२५ मार्च

सकाळी सिस्टरच्या घरी गेलो. त्यांनी दार उघडलं, पण उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. मी सगळं सांगितलं. माफी मागितली.

"मला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "काका खोकले की काकूंना शब्द सुचायचे. मी त्यांच्यासाठी खोकल्याच्या गोळ्या आणून ठेवल्या होत्या, टेबलावर. मला कळलंय हे त्यांना कळेल म्हणून. कळलं त्यांना. घेतल्या नाहीत."

"परत याल?"

"आधी समितीला काय लिहिताय ते दाखवा."

दुपारी दशांशला सांगितलं की सतरा नंबर काढ. त्यानं कारण विचारलं, मी सांगितलं. त्यानं यंत्रावर दोन आकडे मारले आणि पडदा माझ्याकडे वळवला. दोन्ही रेघा शेजारी शेजारी खाली उतरत होत्या.

"किती फरक?" मी विचारलं.

"नाही म्हणा," तो म्हणाला. दशांश वापरले नाहीत त्यानं.

३० मार्च

समितीला पत्र दिलं. सतरा नंबर कोण, तिला कुणी घातलं, यादी कुठून ऐकू गेली, भिंत कुणी अर्धी ठेवली. माळेची नक्कल जोडली. आधी सिस्टरना दाखवलं होतं. त्यांनी एक वाक्य खोडायला लावलं, जिथं मी 'दुर्दैवानं' लिहिलं होतं.

मोठी चाचणी नाही. ही बंद. माझी चौकशी होईल. पाकिटं उघडली. सतरा नंबरच्या पाकिटात 'खरी' असं होतं.

बाबांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे मिळत होती."

"मिळत होती."

"आणि तरी."

"आणि तरी."

"बरं झालं," ते म्हणाले. "आपण कमी पडलो नाही." त्यांचं आपण म्हणजे कोण, ते मी विचारलं नाही.

संध्याकाळी ही वही काढून पानं मागं उलटली. ४ फेब्रुवारी. 'आई आज रंगात होती.' वाक्य खोडलं नाही. समासात बाबा करतात तशी दुरुस्तीची खूण केली आणि त्या खुणेसमोर काय लिहायचं ते सुचेना, म्हणून जागा मोकळी ठेवून खाली जेवायला गेलो.

आईनं दार उघडलं. बाबा तिच्या मागं उभे होते. खोकले नाहीत.

"कोण हवंय आपल्याला?" तिनं विचारलं.

मी माझं नाव सांगितलं. मग तिचं कोण लागतो ते सांगितलं.

"अगं बाई," ती म्हणाली, आणि दार पूर्ण उघडलं. "मग बाहेर का उभा?"